गुडघ्याचा पत्ता

माणसाला गुडघे दोन. आमच्या लायब्ररीत मात्र एकेक गुडघा सात ठिकाणी ठेवलेला आहे. त्याची हाडं, स्नायू, शिरा बघायच्या तर ६११. तो वाकतो कसा आणि वजन पेलतो कसा, ते ६१२.७६ मध्ये. दुखायला लागला की ६१६.७, कापायची वेळ आली की ६१७. व्यायामाने ताळ्यावर आणायचा तर ६१५.८२, विजेच्या यंत्रांनी शेकायचा तर तिथून थोडं पुढे, ६१५.८४५. आणि मैदानावर खेळायला उतरवायचा असेल तर थेट हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खेळांच्या ७९६ मध्ये. मेल्विल ड्यूईने ही आकड्यांची मांडणी १८७६ साली छापली. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बी.पी.टी.एच.चा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा विद्यार्थी तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्याला माफ केलं आहे. माझा उजवा गुडघा त्याला माफ करायला तयार नाही. या साती ठिकाणी रोज जायचं म्हणजे मधे दोन शिड्या आणि एक पोटमाळा येतो.

पहिल्या वर्षाची मुलं विषय विचारतच नाहीत, माणसं विचारतात. ‘मॅडम, चौरसिया आहेत का?’ ‘गार्डिनर आली का परत?’ काउंटरसमोर उभं राहून दोघी ठरवतात, ‘मॅगी आज माझ्याकडे राहू दे, किसनर तू ने, उद्या सकाळी मेसमध्ये बदलू.’ नवीन लागलेल्या शिपायाला पहिले काही दिवस वाटत होतं की कॉलेजात बरेच परदेशी पाहुणे उतरलेत. यातली मॅगीबाई म्हणजे प्रत्यक्षात डेव्हिड मॅगी नावाचे गृहस्थ आहेत, आणि त्यांचं सांधे तपासण्याचं पुस्तक हजारावर पानांचं आहे. ते पाठीवरच्या सॅकमध्ये घालून बसने प्रवास केला की पाठदुखीच्या प्रकरणाचं वेगळं प्रात्यक्षिक करावं लागत नाही.

मी शिडीवरून उतरताना ‘आई गं’ म्हटलं की निदान तिघं धावत येतात आणि वर्षाप्रमाणे सल्ला मिळतो. पहिल्या वर्षाचा मुलगा गुडघ्याभोवतीच्या स्नायूंची नावं म्हणून दाखवतो. तिसऱ्या वर्षाचा म्हणतो, ‘मॅडम, चला, ओपीडीत मशीन लावून देतो.’ इंटर्न शिडीकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचं, खाली. रोज करता का?’ मास्टर्सची, म्हणजे एम.पी.टी.एच.ची मुलगी तेवढी काही सांगत नाही. ती म्हणते, ‘एव्हिडन्स बघावा लागेल.’ घरी जावं तर शेजारच्या काकूंकडे एव्हिडन्स तयारच असतो. त्यांच्या नणंदेला निलगिरीच्या तेलाने फरक पडला होता.

या एम.पी.टी.एच.वाल्या मुलीचा आणि माझा खरा संबंध सुरू होतो सिनॉप्सिसच्या, म्हणजे डिसर्टेशनचा आराखडा द्यायच्या हंगामात. तेव्हा लायब्ररीत एकदम गर्दी होते आणि एरवी धूळ खाणाऱ्या कॉम्प्युटरसाठी नंबर लागतात.

‘मॅडम, गुडघ्यावर लिटरेचर द्या ना.’

‘गुडघ्याचं काय?’

‘म्हणजे… ओए नी. गुडघ्याची झीज.’

‘कुणाचा? बायकांचा, पुरुषांचा, कितव्या वर्षी?’

‘चाळीसच्या पुढे. सर म्हणाले.’

‘बरं. त्यांना करणार काय?’

‘टेपिंग.’

‘कशाच्या तुलनेत?’

इथे नेहमी शांतता पसरते. मग ती वही उघडते. पेशंट कोण, उपाय कोणता, कशाच्या तुलनेत आणि फरक मोजायचा कशाने, हे चार प्रश्न तिला वर्गात ‘पीको’ या नावाने शिकवलेले असतात, परीक्षेत त्याला पाच मार्कही मिळालेले असतात. आपल्या स्वतःच्या कामालाही तो लागू पडतो, हा साक्षात्कार मात्र काउंटरपाशी उभं राहिल्यावर होतो. लिटरेचर मागायला आलेल्या मुलीला प्रश्न देऊन परत पाठवते, म्हणून माझी कॉलेजात फारशी चांगली ख्याती नाही.

प्रश्न नसला की काय होतं ते पबमेडवर बघावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं हे दालन १९९७ पासून जगाला फुकट खुलं आहे आणि त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. इंग्रजीत नुसतं ‘नी’ टाकलं तर उत्तरं लाखांत येतात. मग मुलं त्यातले मोफत आणि आखूड असे निबंध तेवढे वेचतात. विज्ञानाची पारख करण्याचे हे दोन निकष कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, पण पाळले जातात निष्ठेने. पूर्वी हेच काम ‘इंडेक्स मेडिकस’ नावाच्या जाडजूड छापील खंडांमधून व्हायचं. १८७९ साली सुरू झालेली ही सूची २००४ पर्यंत छापली जात होती. त्या काळी एकेक संदर्भ हाताने उतरवून घ्यावा लागे, त्यामुळे लोक आधी विचार करत. हात दुखण्याचे काही फायदे असतात.

मी मुलांना आधी पेड्रोकडे पाठवते. पेड्रो हा माणूस नाही, हे एकदा सांगून ठेवलेलं बरं. फिजिओथेरपीच्या पुराव्यांची ही नोंदवही सिडनीच्या फिजिओथेरपिस्टांनी १९९९ मध्ये सुरू केली. फक्त याच विषयाचे प्रयोग, त्यांचे आढावे आणि मार्गदर्शक सूचना तिथे एकत्र आहेत, ६०,००० हून जास्त, आणि शोधायला एक पैसा लागत नाही. त्यात शरीराच्या भागांची यादी येते, तिच्यात ‘लोअर लेग ऑर नी’ असा पर्याय आहे. पोटरीशी भागीदारीत का होईना, गुडघ्याला एक पत्ता मिळाला, हे बघून मला ड्यूईची आठवण आली. त्या साइटची तमिळ आवृत्ती आहे, मराठी नाही. कुणी तरी चार तमिळ मुलांनी बसून ते काम केलं असणार. आपल्याकडेही मुलं आहेत, बसत नाहीत एवढंच.

पेड्रोची गंमत अशी की तिथे प्रत्येक प्रयोगाला दहापैकी मार्क मिळतात. कसोट्या अकरा, पण पहिलीचे मार्क धरत नाहीत. चिठ्ठ्या टाकून गट पाडले का, ८५ टक्क्यांहून जास्त लोकांचं मोजमाप शेवटी हातात आलं का (पेरणीच्या दिवसांत प्रयोग सुरू करणाऱ्याने हा मार्क सोडूनच द्यावा), मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक होतं का. त्यातल्या एका कसोटीवर आमची मुलं दरवर्षी हताश होतात. उपचार करणाऱ्याला आपण कोणता उपचार करतोय हे कळता कामा नये! गोळीच्या बाबतीत ठीक आहे, खरी आणि खोटी गोळी दिसायला एक. पण जी मुलगी समोरच्या आजींचा पाय धरून ‘वर, अजून वर, सोडू नका’ म्हणून ओरडते आहे, तिला आपण व्यायाम देतोय हे कळू न देण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. पेशंटचंही तेच. टेप लावलेली आहे हे आजींना कळतं, कारण ती काढताना त्या सगळ्या वॉर्डला कळवतात. त्यामुळे या विषयात दहापैकी दहा दुर्मीळच, आठ मिळाले तरी पेढे वाटावेत. मुलांना हे समजलं की ती मार्कांकडे जरा सावधपणे बघायला लागतात, निदान दुसऱ्यांच्या.

माझ्या गुडघ्याचा निकाल मी कॉक्रेन लायब्ररीत, म्हणजे वैद्यकीय प्रयोगांच्या आढाव्यांच्या संग्रहात बघितला. भारतात ती वाचायला मिळावी म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २००७ मध्ये सगळ्या देशासाठी वर्गणी भरली होती, हे कितीतरी प्राध्यापकांना ठाऊक नाही. गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाचा उपयोग होतो का, या प्रश्नाचा तिथला २०१५ चा आढावा ५४ प्रयोगांवर उभा होता आणि बऱ्यापैकी खुशीत होता. २०२४ मध्ये तोच आढावा नव्याने झाला, तेव्हा प्रयोग १३९ झाले होते आणि सूर खाली आला होता. दुखणं थोडं कमी होतं, हालचाल थोडी सुधारते, पण हा फरक पेशंटला जाणवण्याइतका आहे का याची खात्री देता येत नाही, असं काहीसं त्याचं म्हणणं. एक नणंद हाताशी असताना काकूंचा आवाज जितका ठाम असतो, तितका साडेबारा हजारांच्या आसपास माणसांची मोजमापं घेतलेल्यांचा नाही. हे वाचून मी व्यायाम सोडावा असं मला फार वाटलं होतं. एम.पी.टी.एच.वाल्या मुलीने नीट वाचून सांगितलं, ‘मॅडम, थोडं म्हणजे शून्य नव्हे. पाय सरळ करा.’

शिवाय ‘फरक’ मोजतात कशाने, हेही बघायला हवं. गुडघ्यासाठी सर्रास वापरली जाणारी वोमॅक ही प्रश्नावली कॅनडातली. चोवीस प्रश्न, त्यांत मोजे घालताना, गाडीत चढता-उतरताना, बाथटबमध्ये शिरताना किती त्रास होतो, असे प्रश्न. आमच्या ओपीडीतल्या बायका बाथटबच्या प्रश्नाला इतकं मनापासून हसतात की तेवढ्यापुरतं दुखणं कमी होत असावं. त्यांची तक्रार वेगळी असते: पूजेला मांडी घालून बसता येत नाही, भात लावताना वाकवत नाही, संडासला उकिडवं बसलं की उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. आपल्याकडच्या राहणीला जुळवून घेतलेली वोमॅकची आवृत्ती पुण्यात तयार झाली, ‘सीआरडी पुणे’ या नावानेच ती ओळखली जाते. कॅनडाची प्रत मुलांना पाच मिनिटांत सापडते. पुण्याची शोधायला पाठवावं लागतं.

सापडलेलं वाचायला मिळतंच असं नाही. दारावर तीस-पस्तीस डॉलर मागणारा खिडकीवाला बसलेला असतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं. मी आनंदाने उठून उभी राहिले, गुडघा विसरून. मग पुढची ओळ वाचली. योजना सरकारी संस्थांसाठी. महाराष्ट्रातली बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजं खासगी. नेशन वनच आहे, आम्ही फक्त त्याच्या कंपाउंडबाहेर बसतो. अशा वेळी माझा सल्ला जुना आहे: निबंध लिहिणाऱ्यालाच चार ओळींची नम्र ईमेल टाका. बहुतेक संशोधकांना आपलं लिखाण कुणीतरी वाचायला मागतंय याचंच इतकं अप्रूप असतं की पीडीएफ लगेच येते, कधी सोबत आणखी तीन येतात. पण मुलांना सातासमुद्रापलीकडच्या प्रोफेसरला लिहायचा संकोच वाटतो. त्यापेक्षा ती चॅटबॉटला विचारतात. त्याला कसलाच संकोच नाही. मागितले तितके संदर्भ तो देतो, लेखक, साल, खंड, पानं, सगळं व्हँकुव्हर पद्धतीत बिनचूक. गेल्या हंगामात एका मुलाने आणलेल्या यादीतले दोन निबंध मी खूप शोधले. नियतकालिक खरं, साल खरं, खंडही खरा, त्या पानांवर मात्र मनगटावरचा भलताच लेख. आता मी नियम केला आहे की ज्या संदर्भाचा पबमेड क्रमांक किंवा डीओआय उघडून दाखवता येत नाही, तो माझ्या काउंटरवरून पुढे जाणार नाही. चॅटबॉटला कार्ड नाही, त्यामुळे दंड कुणाकडून वसूल करायचा हा प्रश्न राहतोच.

एवढं जग धुंडाळून झालं की मी कपाटाची किल्ली काढते. काउंटरमागे, जुन्या वर्तमानपत्रांच्या वर, आमच्याच कॉलेजच्या डिसर्टेशनांचं कपाट आहे. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत दोन गटांत प्रत्येकी पंधरा पेशंट. हे काम कुठल्याही साइटवर नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर मुख्यत्वे पीएच.डी.चे प्रबंध जातात, आमच्या मास्टर्सच्या पोरांचं कष्टाचं काम रेक्झिनमध्येच राहतं. आकाराने लहान, इंग्रजी अडखळतं, पण त्यात आपल्याच तालुक्यातले गुडघे आहेत, उकिडवे बसणारे. कुणीतरी ही सगळी कपाटं एकदा स्कॅन करायला हवीत, असं मी वरिष्ठांना दरवर्षी लिहून देते आणि वरिष्ठ त्यावर दरवर्षी ‘पाहिले’ असा शेरा मारतात.

तर यंदा टेपिंगवाल्या मुलीने सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं की शेतात काम करणाऱ्या स्त्रियांवर या विषयाचा अभ्यास आपल्या भागात झालेला नाही. सरांनीच तसं सांगितलं होतं. मी तिला कपाटासमोर स्टूल दिलं. तासाभराने ती एक खंड घेऊन काउंटरवर आली. हाच विषय, हेच टेपिंग, हाच तालुका.

‘मॅडम, हे इश्यू होईल?’

‘नाही. इथेच बसून वाच.’

‘पण मॅडम…’ तिने खंड फिरवून कण्यावरची सोनेरी अक्षरं दाखवली. सादरकर्त्याचं नाव तिच्या गाइड सरांचं होतं.

ती लायब्ररी बंद होईपर्यंत वाचत बसली. सरांना काय बोलली, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलं प्रॅक्टिकलला गेल्यावर, सर स्वतः आले, इकडची-तिकडची दोन पुस्तकं चाळली आणि हळूच म्हणाले, ‘मॅडम, माझ्या डिसर्टेशनची एक प्रत तुमच्याकडे असेल ना? घरची सापडत नाहीये.’