कात्री नेणाऱ्यास, सप्रेम नमस्कार

महोदय (किंवा महोदया, मला खरंच ठाऊक नाही),



पत्रास कारण की, हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री देवळामागच्या स्वयंपाकाच्या मांडवात खुंटीला अडकवलेल्या माझ्या पिशवीतून आपण माझी कापडाची कात्री काढलीत आणि काम झाल्यावर जिथल्या तिथे ठेवलीतही. चोर म्हणावं, तर वस्तू परत आली. परत आली म्हणावं, तर ती कात्री उरली नाही. आपलं नाव कळेना, म्हणून पत्र उघडंच लिहिते आहे. आमच्या गावात बंद पाकीटसुद्धा चार घरं वाचून मग पोचतं, हे तर काय, उघडं आहे.

त्या दिवसाचा हिशेब आधी आपल्यापुढे ठेवते, म्हणजे कात्री पिशवीत कशी आली ते कळेल.

पहाटे काकडा. तिथून घरी येऊन सहाला गोधडीवर बसले. भाचीला मुलगी झालीय, तिच्यासाठी ही गोधडी. खाली मामंजींच्या धोतराचं अस्तर, मध्ये जुन्या सुती साड्यांचे तीन थर, आणि वर सासूबाईंचं हिरवं इरकली लुगडं. गोधड्या आम्ही चैत्र-वैशाखातच शिवतो. एकदा आमच्याकडचा पाऊस लागला की घरातला रुमाल वाळत नाही, गोधडी कुठली वाळायला? ओसरीवर अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायचे, कच्चे टाके घालायचे आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन धावदोरा मारत जायचं. ढुंगण सरकवत सरकवत माणूस मधोमध पोचतं तेव्हा कंबर म्हणते, आता मला पण शिवून टाक. शेवटी चारी बाजूंना लुगड्याच्याच पदराचा गोट. त्यातल्या तीन बाजू त्या सकाळी झाल्या. चौथ्या बाजूची पट्टी कापायला घेतली तर कात्री जड चालायला लागली. धार गेली होती. बाकी काही नाही.

म्हणून कात्री कर्जतला न्यायची ठरली. आमचं घर खोपोलीच्या लोकलवर, केळवली आणि डोळवलीच्या मध्ये कुठंतरी. कचेरीला खालापूर, बाजाराला कर्जत, म्हणजे कुठलंही काम असो, ते नेमकं दुसऱ्या दिशेला असतं. एक गाडी चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून अख्खा हरिपाठ होतो. (कर्जतं महाराष्ट्रात दोन. नगरकडच्या कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. गोधड्या शिवणारी मी, आणि मला मिळालं ते जंक्शन आणि वडापाववालं कर्जत. असो.)

कर्जतला धारवाल्याकडे कात्री टाकली आणि रेशनकार्डाच्या ई-केवायसीला गेले. तिथं अंगठा उमटेना. पोरगा म्हणाला, आजी, पुसून लावा. पुसला. दुसरा लावा. लावला. चाळीस वर्षं अंगुस्तानाशिवाय सुई ढकलून माझ्या बोटांवरच्या रेघा झिजल्यात, त्या आता कुठून आणू? सहाव्या बोटाला सरकारनं मला ओळखलं. मग दोऱ्याची रिळं, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, देवळासाठी पाच किलो गूळ आणि शेवटी कात्री. धारवाल्यानं माझ्यासमोर मलमलीचा तुकडा बुडापासून टोकापर्यंत सर्रकन कापून दाखवला. पन्नास रुपये. तेव्हा सव्वादोन वाजले होते.

गाडी उशिरा आली, म्हणून घरी न जाता स्टेशनावरून थेट देवळात गेले. गूळ दिला, पिशवी खुंटीला लावली आणि वांगी चिरायला बसले. विळीवर, बरं का. चाळीस माणसांच्या हातांखालून दोन पोती वांगी विळीवर निघाली, कुणाला कात्री आठवली नाही. आठवली ती फक्त आपल्याला.

रात्री घरी पिशवी उघडली. बल्बाखाली धरून पाहिलं, तर आपली अख्खी कामगिरी त्या कात्रीवर लिहिलेली होती. खिळ्यापाशी कोथिंबिरीचं एक पान, ओलंच. म्हणजे श्रीगणेशा कोथिंबिरीनं झाला. आतल्या बाजूला चिकटपट्टीचा डिंक, त्यावर झिरमिळ्यांचा चंदेरी चुरा. म्हणजे दुसरं काम सजावटीचं. आणि खिळ्यापासून दोन बोटांवर, दोन्ही पात्यांना समोरासमोर एकेक खाच. अर्धचंद्राकृती, सुबक. ती मांडवाच्या तारेची. केळीचे खांब बांधले ती तार. पात्याच्या टोकानं तार तुटत नाही, बुडाशी जोर जास्त लागतो, हे आपल्याला बरोबर माहीत होतं. म्हणजे डोकं आहे. त्याबद्दल अभिनंदन.

आता कात्रीची थोडी ओळख करून देते, कारण भेट झाली पण परिचय राहिला. ही मेरठची. पितळी मूठ, दहा इंची, सासूबाईंच्या आधीपासून घरात. मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूससारखं. तिकडे जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगांचं पोलाद घडवून पाती करतात. आजोबांनी घ्यावी आणि नातवानं वापरावी अशी तिची ख्याती. हे पोलाद धार छान धरतं, पण गंजतंही लगेच. ओल्या कोथिंबिरीचं पाणी त्यावर रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस डाग हजर. शिवाय कात्रीची दोन पाती एकमेकींना सगळीकडून चिकटत नाहीत. एका वेळी एकाच बिंदूत टेकतात आणि तो बिंदू बुडापासून टोकाकडे पळत जातो. वाटेत खाच लागली की तिथं कापड दुमडून पात्यांमध्ये शिरतं. मग कात्री कापत नाही, चावते.

पलीकडे महडला वरदविनायकाचा नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय म्हणतात. माझी सव्वादोनची धार रात्री साडेआठपर्यंतही पोचली नाही.

हनुमान जयंतीच्या सप्ताहात विणेकऱ्याला आपण पाहिलं असेलच. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलताना नवा माणूस आधी पाया पडतो, मग वीणा गळ्यात घेतो. पखवाजाला परका हात लागला तर बुवा तिथल्या तिथे दरडावतात. आचाऱ्याचा झारा कुणी उचलून चिखल काढायला नेईल का? त्याच झाऱ्यानं पाठ शेकून निघेल. आणि बाईच्या पिशवीतली कात्री म्हणजे काय, तर गावची कात्री. कुणाला विचारायचं? नि कशाला? मजा अशी की आपण तार तोडत होतात तेव्हा पुढं कीर्तन नामदेवरायांच्या अभंगावर चाललं होतं. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. कात्रीचं काय होतंय हे त्या मांडवात फक्त त्यांना समजलं असतं.

मला समजलं ते दुसऱ्या दिवशी. काल्याचा प्रसाद खाऊन घरी आले आणि राहिलेली पट्टी कापायला घेतली. रात्री खाच पाहिली होती, तरी वाटलं, हळूच कापू. चार बोटं बरी गेली. मग खाचेत लुगडं अडकलं, मी सवयीनं मूठ दाबली आणि पदर टर्रकन फाटला, तिरका, वीतभर. सासूबाई हे लुगडं फक्त दिवाळीच्या पाडव्याला नेसायच्या. आता दुसरा पदर नाही. जोड द्यायचा तर तसला रंग मिळत नाही, मी कर्जत-खोपोली दोन्हीकडे विचारून आले.

धारवाला म्हणतो, खाच घालवायची तर दोन्ही पाती एकेक सूत घासावी लागतील, तरी पहिल्यासारखी चालेल याची हमी नाही. शंभर रुपये. ते मी देईन, आपल्याकडून नकोत.

आपल्याकडून हवंय ते वेगळंच. बारसं पुढच्या गुरुवारी आहे. फाटक्या पदराला खालून तुकडा लावून ठिगळ भरायचंय आणि चौथ्या बाजूचा गोट अजून बाकी आहे. एकटीच्यानं होत नाही. कोणी तरी समोरून कापड ताणून धरायला हवं. रविवारी सकाळी सहाला ओसरीवर या. चहा मिळेल. हात रिकामेच घेऊन या, दाभण मी देईन.

आपली,
वांगी चिरणाऱ्यांतली डावीकडून तिसरी