माफीनामा लिहून मिळेल

तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहिण्यात आमची हयात गेली. वारसनोंद, रेशनकार्डावरचे चुकलेले नाव, शेजाऱ्याने सरकवलेला बांध. आता सगळे ऑनलाइन झाले नि टेबल ओस पडले. म्हणून जरा जगाच्या बाजाराकडे पाहिले, तर काय सांगावे! बडी बडी गिऱ्हाइके रांगेत उभी, आणि सगळ्यांना लिहून हवाय एकच कागद: चीन सरकारकडे माफीनामा.

२०१८ साल म्हणजे या धंद्यातली लग्नसराई. जानेवारीत मॅरियट या हॉटेल कंपनीने ग्राहकांना पाठवलेल्या प्रश्नावलीत देशांच्या यादीत तिबेट, हाँगकाँग, मकाव आणि तैवान घातले. शांघायच्या अधिकाऱ्यांनी तिची चिनी वेबसाइट आठवडाभर बंद करायला लावली. कंपनीने माफी मागितली, आणि नुसता कागद बरा दिसत नाही म्हणून सोबत एक माणूसही वाढला. अमेरिकेतल्या ओमाहा गावी कंपनीचे ट्विटर खाते सांभाळणारा साधा पगारदार नोकर. एका तिबेटवादी गटाने 'शाब्बास मॅरियट' अशा अर्थाचे काहीतरी लिहिले, त्याला कंपनीच्या खात्यावरून एक बदाम गेला. संपले. बोट ओमाहात हलले, नोकरीही ओमाहातच गेली. बीजिंगला तिकिटाचासुद्धा खर्च पडला नाही.

पुढच्याच महिन्यात मर्सिडीजने इन्स्टाग्रामवर गाडीच्या फोटोसोबत दलाई लामांचे एक वचन टाकले. कुठल्याही गोष्टीकडे सगळ्या बाजूंनी पाहावे, अशा अर्थाचे. ओरड होताच कंपनीने एकाच बाजूने पाहिले आणि माफी मागितली. चीनमध्ये इन्स्टाग्राम मुळात बंदच आहे, हा मुद्दा आम्ही मसुद्यात घेत नाही. गिऱ्हाइकाला उगाच वाईट वाटते.

मे महिन्यात गॅपचा टी-शर्ट आला. छातीवर चीनचा नकाशा, नकाशात तैवान नाही. शर्ट विकला गेला कॅनडात. तक्रारदारांच्या यादीत तैवानखेरीज 'दक्षिण तिबेट' गाळल्याचाही ठपका होता. आपण त्याला अरुणाचल प्रदेश म्हणतो. कंपनीने सरसकट माफी मागितली, म्हणजे हिशेबाने आपले तवांगही त्यात आले. हसू नका. त्याच वर्षी जुलैत आपल्या तेव्हाच्या सरकारी एअर इंडियाने वेबसाइटवरचे 'तैवान' खोडून 'चायनीज तैपेई' केले. त्याला माफी म्हणत नाहीत, शुद्धिपत्रक म्हणतात. दर निम्मा.

नमुना आमच्याकडे तयारच आहे. विषय: नकाशा चुकल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदरहू भूभाग अनादी काळापासून आपलाच असल्याचे आम्हांस आजच समजले. सबब क्षमा असावी. खाली सही, शिक्का, वार्षिक उलाढाल.

चीनच्या या लांब हाताचा फायदा काहीच नाही, असे म्हणणाऱ्याने केनियातल्या मोम्बासाहून नैरोबीला रेल्वेने जाऊन यावे. पूर्वी रात्र काढावी लागे, २०१७ पासून पाच-सहा तासांत माणूस पोचतो. कर्ज चीनचे, रूळ चीनचे. पण प्रवास खरा आहे, आणि ज्याला तो घडला त्याला लोकशाहीवर व्याख्यान देणारे आपण कोण? अदिस अबाबात आफ्रिकी संघाचे टोलेजंग मुख्यालय चीनने २०१२ मध्ये चक्क भेट दिले. वीस कोटी डॉलरची इमारत! सहा वर्षांनी 'ल मोंद' या फ्रेंच दैनिकाने छापले, की तिथल्या संगणकांतला मजकूर रोज रात्री बारा ते दोनच्या दरम्यान गुपचूप शांघायला जात असे. चीनने आणि संघानेही साफ इन्कार केला. समजा खरे असले तरी, आफ्रिकेचे म्हणणे इतक्या मनोभावे ऐकणारा दुसरा देश दाखवा.

धंद्याला खोट आणणारी गिऱ्हाइकेही असतात. लिथुआनियाने २०२१ मध्ये राजधानीत 'तैवान' नावाने कचेरी उघडू दिली आणि माफीचे नाव काढले नाही. मग लिथुआनियाचा माल चीनच्या बंदरांत अडला. चीनकडे निघालेल्या रमच्या वीस हजारांवर बाटल्या शेवटी तैवानच्या सरकारी कंपनीने घेतल्या, आणि तिथले सरकार रम घालून काय काय रांधता येते ते जनतेला सांगत बसले. अशाने आमच्यासारख्यांनी खायचे काय?

पण भविष्य उज्ज्वल आहे. हाँगकाँगच्या २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे कलम ३८ पाहा. हाँगकाँगचा रहिवासी नसलेल्याने हाँगकाँगबाहेर केलेला गुन्हाही त्यात बसतो. आमच्या तहसीलदारांची हद्द नदीच्या पुलापाशी संपते हो!

सर्वांत मोठे काम नॉर्वेचे. २०१० चे शांततेचे नोबेल चीनच्या तुरुंगातल्या लिऊ शियाओबो यांना मिळाले. ते देते नॉर्वेतली स्वतंत्र समिती, शिक्षा झाली नॉर्वेच्या सरकाराला आणि चीनला जाणाऱ्या बिचाऱ्या सामन माशाला. ऑस्लोच्या समारंभात पदक रिकाम्या खुर्चीवर ठेवले, तर चीनमध्ये इंटरनेटवर 'रिकामी खुर्ची' हे शब्द शोधण्यावरच बंदी आली. सहा वर्षांनी नॉर्वेने चीनच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण आदर करीत असल्याचे आणि त्याच्या मूळ हितसंबंधांना मोठे महत्त्व देत असल्याचे लिहून दिले. मासा पुन्हा निघाला. लिऊ पुढच्या जुलैत कैदेतच गेले.

तेव्हा टेबल पुन्हा मांडले आहे. वेळ दहा ते पाच, शिक्का-शाई आमची. गिऱ्हाइकासाठी समोर खुर्ची ठेवली आहे. ती क्षणभरही रिकामी दिसणार नाही, याची दक्षता घेतली जाईल.