भीतीचं माप

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडे जास्वंदीपाशी या, तिथून बोललेलं रस्त्यापर्यंत ऐकू जातं. मास्तरांची सून हो! ती अंधेरीला एचआरमध्ये आहे ना, तीच. तिला ऑफिसात आता काय काम दिलंय सांगू? भीती मोजायची! नोकरी जाईल की काय, ती भीती. मी तर हसलेच. पण ती आपली गंभीर.

आणि गंभीर नसेल तर काय हो? टीसीएसने 2025 च्या जुलैत बारा हजारांवर माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, तेव्हापासून विरार लोकलच्या लेडीज डब्यात दुसरा विषय होता का? शेकड्यात दोनच माणसं म्हणे. पण चेहरे पडले ते शंभरातल्या शंभरांचे. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी कॉम्प्युटरला हात लावला नाही, त्यासुद्धा मीरा रोड येईपर्यंत हळू आवाजात...

तर काय सांगत होते, हां, ती सून. ती म्हणाली, "काकू, विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे, तुम्हाला तुमची नोकरी जाईल असं वाटतं का? आणि दुसरी, तुमच्या इथल्या लोकांना तसं वाटतं का?" एक ते पाच आकडे असतात, त्यातल्या एकावर खूण करायची. पहिल्या प्रश्नाला त्यांच्या अकाउंट्समधले झाडून सगळे 'छे छे, मला कसली भीती!' आणि दुसऱ्याला? पाच, पाच, पाच! आता मला सांगा, घाबरलेले हे 'बाकीचे' बसतात तरी कुठे?

हसू नका, यावर शिकलेल्या लोकांनी डोकं चालवलंय. स्टॉकहोम विद्यापीठात लेना लोस्टाड म्हणून एका बाईंनी 2015 मध्ये याच्यावरच अख्खा प्रबंध लिहिला. आपली भीती वेगळी आणि कामाच्या जागी पसरलेली भीती वेगळी, म्हणून प्रश्नही वेगळे. शिवाय नोकरी जाण्याचीच भीती असते असं नाही हो. नोकरी राहते, पण चांगलं काम काढून घेतात, पगारवाढ लटकते, कालचा पोरगा वर येऊन बसतो... तेही विचारायचं.

जेट एअरवेजचंच बघा ना. आपल्या पट्ट्यातली किती पोरं होती तिथे! ऑक्टोबर 2008 मध्ये एकोणीसशे जणांना घरी बसवलं, त्या युनिफॉर्ममधल्या मुली टीव्हीवर रडत होत्या, आठवतंय ना? तेव्हा लगेच परत घेतलं म्हणा. पण एकदा मनात बसलेलं जातं होय? पुढे पगार लांबायला लागले तेव्हा ज्याला त्याला आपल्यापुरतं वाटत होतं, माझा नाही थकणार. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून शेवटचं विमान मुंबईला उतरलं आणि मग सगळ्यांचा एकदमच थकला.

आणि त्याआधी गिरण्या! 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. नालासोपाऱ्याला आमच्या जाऊबाईंच्या चाळीत अर्धी घरं लालबाग-परळहून आलेली. त्या म्हातारबांना नाही कुणी फॉर्म दिला भरायला. नाहीतर...

तर काय सांगत होते? हां, खरी गंमत पुढेच आहे. नुसती सरासरी काढून भागत नाही म्हणे. पॅकिंगमधल्या सगळ्यांनी तीनवर खूण केली, तर सरासरी तीन. आणि डिस्पॅचमधल्या अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी पाच लिहिलं, तरी सरासरी तीनच! पण डिस्पॅचमध्ये तीन लिहिणारा आहे का कुणी? म्हणून आधी बघायचं, एका खात्यातल्यांचं एकमेकांशी जुळतंय का. जुळलं तरच ती सगळ्यांची मिळून भीती. हे साहेबांना सांगितलं तेव्हा साहेबांचं तोंड बघायला हवं होतं, ती म्हणाली. त्यांनी स्लाइडवर मोठ्ठा तीन काढून ठेवला होता, खाली 'परिस्थिती ठीक'!

मी म्हटलं, मग सोपं आहे, दुसऱ्यांचंच विचारावं, खरं आपोआप बाहेर येतं. तर ती म्हणते, तसंही नाही काकू. बेल्जियममध्ये त्याच माणसांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं. आधी जे स्वतः घाबरलेले होते, त्यांना पुढे आजूबाजूचे जास्त घाबरलेले दिसायला लागले. पण ज्यांना आधी आजूबाजूचे घाबरलेले दिसत होते, ते त्यामुळे पुढे स्वतः जास्त घाबरले, असं काही निघालं नाही. म्हणजे काविळीवाल्याला जग पिवळं, तसलीच गत! इथे मात्र मी गप्प बसले हो.

आमच्याकडचं म्हणाल तर काही नाही. वालीवला ह्यांच्या कारखान्यात दोन मशिनं नवी आलीत, माणसं कमी लागतात म्हणे, पण हे अगदी निवांत. बाकीच्यांचे मात्र हाल आहेत हो. झोप नाही, जेवण नाही, घरी धड बोलत नाहीत. मला कसं कळलं? अहो, काल रात्री दोन वाजता हेच उठून सांगत बसले होते ना!

बरं, ते जाऊ दे. भाऊजींच्या ऑफिसात काय वारं आहे? भाऊजींचं नाही हो विचारत मी... बाकीच्यांचं.