उपरोधाचा लातूर पॅटर्न

लातुरात, आणि आता नांदेडातही, कशाचा क्लास नाही ते विचारा. फिजिक्सचा आहे, केमिस्ट्रीचा आहे, रिपीटरांची वेगळी बॅच आहे. नाही तो फक्त उपरोधाचा. पोरं ढिगानं मार्क आणतात. पण तासाभरानं उगवलेल्या पोराला 'वा, फारच लवकर आलात!' म्हणावं, तर 'थँक्यू सर' म्हणून बाकावर बसतं. पैठणच्या नाथांचा विंचू चावला की यांचं उत्तर तयार : प्राझोसिन.

म्हणून क्रॅश कोर्स काढतोय. पेपर 'नीट'सारखाच. बरोबर आलं तर ४ गुण, चुकलं तर १ कापणार. नमुना प्रश्न घ्या.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, म्हणजे पाच जणांनी घागरी घेऊन जमणंही बेकायदेशीर. मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तर पाणी उतरायच्या आधी डब्यांवर पुढाऱ्यांचे बॅनर चढले. त्याच आठवड्यात जिल्ह्यात मंत्रिमहोदयांच्या हेलिपॅडवर धूळ उडू नये म्हणून दहा हजार लिटर पाणी मारल्याची बातमी. मे महिन्यात रेल्वेचं चार कोटींचं बिल. आणि पावसाळा सरता सरता असा पाऊस, की मांजरा भरलं! यात उपरोध नेमका कुठं आहे? 'धूळ बसवणे अत्यावश्यक होते' या पर्यायावर खूण करणाऱ्याचे गुण मात्र कापायचे नाहीत. तो पुढं मोठा साहेब होणार.

फ्लेक्सची तेवढी अडचण झाली. टॉपर म्हणून नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचा फोटो लावावा म्हटलं. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, अख्ख्या महाराष्ट्राला विचार करायला लावणारा माणूस. पण ते इंटरला नापास झालेले. पार्टनर म्हणाला, 'अ‍ॅडमिशन पडतील.' मग कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या पोरीचाच फोटो लावला. ती कुठल्या क्लासची, हे तिला तरी कुठं माहीत आहे? चार क्लासच्या फ्लेक्सवर आहे ती.

पहिली चौकशी लोह्याकडच्या एका शेतकऱ्याची. फी ऐकली, माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं, घडी घालून परत दिलं.

"सर, आमच्या गावात नळाला पाणी येत नाही, पाणीपट्टी मात्र टायमावर येती. पोराला चार दिवस गावाकडंच ठिवतो की."