पॉवेलचं चुकलंच!

अमेरिकेच्या व्याजदराबद्दल भंडारा शहरात सर्वांत ठाम मत कोणाचं, हे गांधी चौकातल्या कुठल्याही टपरीवर विचारावं. तर्री-पोह्याच्या प्लेटीतून मान वर न काढता चारजण एकाच माणसाकडे बोट दाखवतील. हे म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत अंकगणित शिकवून निवृत्त झालेले, पेन्शन सुरू, आणि हौसेनं शेअर बाजारात उतरलेले. गुंतवणूक बेताची, मतं मात्र चक्रवाढ दराची. फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा निर्णय आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमाराला येतो, तोवर गुरुजी जागे. पॉवेल तिथला अध्यक्ष असताना “पावेल बोलनार हाये म्हनते, अन् लाईट काई बंद करत नाई,” अशी गुरुजींच्या घरून शेजारीपाजारी तक्रार असे. सकाळी टपरीवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: “पॉवेलचं चुकलंच!” त्यानं दर कमी केला तरी चुकलेलं असे आणि होता तसाच ठेवला तरी.

गुरुजींची खात्री अंतराबरोबर वाढत जाते. वॉशिंग्टनबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसते. मुंबईबद्दल थोडी असते. नागपूरबद्दल विचारलं तर “पाहावं लागेल” म्हणतात, आणि वरठीबद्दल विचारलं तर “तिथं काय आहे जी?” वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे, आणि गाड्यांच्या उद्योगाला लागणारं खास पोलाद बनवणारा सनफ्लॅगचा कारखाना आहे. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. गुरुजी कित्येक वर्षं त्या कारखान्याची चिमणी पाहतच गाडीत चढले. गाडीत बसल्यावर त्यांनी चर्चा केली ती टेस्लाची. पिकतं तिथं विकत नाही, हे भंडाऱ्यात नव्यानं सांगायला नको.

हिशेब ठेवायची त्यांची पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. शाळेतला एक कोरा हजेरीपट त्यांच्याकडे उरलेला होता, त्यात मुलांच्या नावांच्या जागी कंपन्या लिहिल्या आहेत. भाव चढला की निळ्या शाईनं ‘ह’, उतरला की लाल शाईनं ‘गै’. मे २०२२ मध्ये एलआयसीचा शेअर आला. किंमत ९४९ रुपये, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट, म्हणजे ८८९. पहिल्या दिवशी मुंबई शेअर बाजारात तो उघडला ८६७ वर. आयुष्यभर हप्ते भरलेल्या माणसाला सूट मिळूनही तोटाच. गुरुजींनी लाल ‘गै’ मारला आणि समासात शेरा लिहिला: ‘पालकांना भेटायला बोलवावे.’

तंत्रज्ञानाबद्दल बोलायचं तर इन्फोसिसपासून सुरुवात करावीच लागते. १९९३ साली तो शेअर ९५ रुपयांना आला आणि लोकांनी नाकं मुरडली. इश्यू पूर्ण भरला नाही, हे खरं आहे. महाराष्ट्रात बहुधा असं गाव नसेल, जिथं ‘तेव्हा शंभर घेतले असते तर’ म्हणणारा एकही गृहस्थ नाही. गुरुजींच्या वाक्यात ‘घेतले असते’ नसतं, ‘घेणारच होतो’ असतं. आता त्यांचा मुक्काम एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीवर. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक नावाच्या चिनी एआय मॉडेलच्या धसक्यानं एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळजवळ ६०० अब्ज डॉलरनं घटलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी टपरीवर अब्जावरची शून्यं पोह्याच्या कागदावर लिहून दाखवली. कागद संपला. “आणि आपण इथं धानाच्या बोनससाठी भांडतो!” ते म्हणाले. शेजारी एक शेतकरी बसला होता, त्याचे धानाचे चुकारे अडकलेले होते. त्यानं शून्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “एवढे पैसे गेले तर मंग कोनाकडं आले जी?” गुरुजींनी विषय बदलला. खरं म्हणजे प्रश्न चांगला होता, आणि उत्तरही सोपं होतं: कोणाकडेच आले नाहीत. शेवटच्या सौद्याच्या भावाला सगळ्या शेअर्सच्या संख्येनं गुणायचं, एवढंच बाजारमूल्य असतं. भाव पडला की गुणाकार पडतो. पण अंकगणिताच्या शिक्षकाला गुणाकार सांगायला कोण जाणार?

बँकांच्या बाबतीत मात्र गुरुजी सहसा चुकत नाहीत, कारण तिथं त्यांच्या डोक्यात मत नसतं, भीती असते. ही भीती साठ किलोमीटरवरून आली. २००२ साली होम ट्रेड प्रकरण उघडकीला आलं. या कंपनीच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन होते, आणि जाहिरात पाहून कंपनी नक्की काय करते ते कोणालाच कळत नसे. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे सुमारे १५० कोटी रुपये बुडाले. त्यातले बरेचसे शेतकऱ्यांचे. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली. मधल्या एकवीस वर्षांत सचिन निवृत्तही होऊन गेला होता.

हा निकाल यायच्या आधीच, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सुरुवातीला हजार रुपयेच काढता येतील असं जाहीर झालं. त्या रात्री गुरुजी पॉवेलसाठी नाही, स्वतःच्या पासबुकांसाठी जागले. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर अडून होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली आणि गुरुजींच्या निवृत्त आयुष्याला काम मिळालं. विमा एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. म्हणजे पाच लाख ठेवले तर व्याज उघड्यावर. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, गुरुजींच्या आलं. सात टक्के दर असताना त्यांनी तिमाही चक्रवाढीनं उलट गणित मांडलं आणि ४,६६,४०० रुपयांचा चेक घेऊन एका बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काका, साडेचार लाख करून टाकू का?” गुरुजींनी खिशातून कागद काढला. वर्षाअखेर ४,९९,९१५. पाच लाखांना ८५ रुपये कमी. “हे ८५ वाया नाही गेले का?” मुलीनं हसत विचारलं. ते सुरक्षेसाठी सोडलेत, असं गुरुजींनी गंभीरपणे सांगितलं. पुढच्या बँकेत बायकोच्या नावानं, तिच्या पुढच्या बँकेत दोघांच्या नावानं. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर साडेसहावरून साडेपाचावर आणला तेव्हा हे सगळे आकडे नव्यानं मांडावे लागले. रिझर्व्ह बँकेचं चुकलं, असं ते तेव्हा पहिल्यांदा म्हणाले. एरवी त्यांचा रोख सातासमुद्रापलीकडेच असतो.

देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलताना त्यांचा हुकमी दाखला गोसीखुर्दचा. पवनीजवळच्या या धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये झाली, अंदाजपत्रक ३७२ कोटी. सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. जवळजवळ पन्नासपट. “तीस वर्षांत पन्नासपट देणारा म्युच्युअल फंड दाखवा!” गुरुजी आव्हान देतात. असे काही फंड आहेत, पण समोर कोणी बोलत नाही, कारण त्या वेळी चहाचे पैसे गुरुजी देणार असतात.

त्यांचा भाचा मोबाईलवर ऑप्शनचा धंदा करतो. सेबीनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्याआधीच्या तीन वर्षांत या धंद्यातल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाल्याचं दिसलं. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. गुरुजींनी कात्रण भाच्यासमोर धरलं. भाचा म्हणाला, “मामा, मी बाकीच्या सातात आहे.” त्र्याण्णवातले सगळेच असं म्हणतात, हे गुरुजींना ठाऊक आहे. हजेरीपटात भाच्याला जागा नाही.

सगळ्यात जुना वाद मात्र मेहुण्याशी. तो तुमसर तालुक्यात, मॉइलच्या चिखला खाणीत नोकरीला होता. याच तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघणारं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं. १८९६ मध्ये इंग्रज कंपनी या भागात मँगनीजसाठी आली, १९६२ मध्ये मॉइल ही सरकारी कंपनी आली आणि डिसेंबर २०१० मध्ये तिचा शेअर ३७५ रुपयांना बाजारात. मेहुण्यानं गुरुजींना विचारलं. “दगडाला कोण पैसे देतं?” गुरुजी म्हणाले. मेहुण्यानं शेअर घेतले आणि पहिल्याच दिवशी भाव साडेचारशेच्या वर दिसताच विकून मोकळा झाला. त्या पैशात त्यानं बैलांचा गोठा पक्का बांधला.

गुरुजींनी न घेतल्यानं फार बिघडलं असंही नाही. २०१७ मध्ये एकास एक बोनस मिळूनही त्या शेअरनं बरीच वर्षं कोणाचं सोनं केलं नाही. त्यांचा निर्णय ठीक होता, कारण तेवढं चुकीचं. पण लग्नकार्यात मेहुणा भेटला की गुरुजी अजूनही त्याला बाजूला घेतात. दूरदृष्टी नसलेला माणूस पहिल्या दिवशी विकतो, जग बॅटरीवर चालणार आहे, मँगनीजला भविष्य आहे, थांबायला हवं होतं.

“भाऊजी, तुमी घेतले होते का जी?” मेहुणा विचारतो.

“एकही नाही,” गुरुजी म्हणतात. “म्हणूनच माझं मत निःपक्षपाती आहे.”