वरून उघडतं, पण आतून पुढचंच

श्टुटगार्ट, रविवार

ती. आई व ती. बाबांस,
बेबीचा शि. सा. नमस्कार.

आमच्या इमारतीत रविवारी धुण्याचं मशीन लावायला बंदी आहे, म्हणून आज पत्र लिहायला सवड झाली. परवा फोनवर आईने विचारलं, "मग शेवटी वरून उघडणारं घेतलंत की पुढून?" मी म्हटलं, "तसं वरून, पण खरं म्हणजे पुढचंच," आणि फोन कट झाला. तो नेटवर्कमुळे झाला की आईमुळे, ते अजून कळलेलं नाही. बाबाही आता सांगलीला नवं मशीन घ्यायचं म्हणताहेत, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते.

इथे भाड्याने घर मिळतं म्हणजे भिंती मिळतात. आधीच्या भाडेकरूने ओटा नेला, भांडी घासायचं बेसिन नेलं, दिवेसुद्धा काढून नेले होते. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. त्याने मशीन ठेवलं असेल अशी आशा मी तरी केली नाही. पहिले तीन आठवडे टबात उभी राहून मी कपडे तुडवले. तेव्हाच आई, तू विचारलं होतंस, "धोपटणं पाठवू का?" अगं, इथे रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. धोपटणं चाललं असतं तर धुण्याबरोबर आम्हीही अंगणात पडलो असतो.

मग तुमच्या जावयांनी मनावर घेतलं. ते ऑफिसात गाड्यांचे ब्रेक तपासतात, त्यामुळे कुठलीही वस्तू आणायच्या आधी ती थांबते कशी हे त्यांना बघायचं असतं. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला, सतरा रकान्यांचा. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात प्रात्यक्षिक दाखवलं. टोपात तांदूळ घेतले, पाणी ओतलं आणि बोटांनी गरगर फिरवले. "हे तुझ्या आईचं मशीन. टोप उभा, तळाला चकती फिरते, पाण्याला भोवरा पडतो आणि कपडे एकमेकांवर घासून निघतात." मग झाकणाचा डबा आडवा धरून फिरवला. "हे पुढून उघडणारं. पिंप आडवं असतं, आतल्या पट्ट्या कपडे वर उचलतात आणि वरून खाली टाकतात." मी म्हटलं, "म्हणजे आपला परीट." ते म्हणाले, "परीटच. फक्त आत कोंडलेला." या प्रात्यक्षिकात अर्धा किलो बासमती फरशीवर गेला, कारण डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. हे झाकण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

बाबा, पाण्याचा हिशेब तुमच्यासाठी. उभ्या पिंपात कपडे तरंगायला हवेत, म्हणून ते एका वेळेला आठेक बादल्या पाणी पितं. आडव्यात कपडे भिजून आपटले की झालं, तीन बादल्यांत काम भागतं. तुम्ही मशीनचं सांडपाणी पिंपात साठवून गॅलरी धुता आणि उरलेलं पायऱ्यांवर ओतता. पुढून उघडणारं घेतलंत तर पायऱ्या कोरड्या राहतील, एवढं आधी सांगून ठेवते.

तर आम्ही दुकानात गेलो. एका रांगेत पन्नासएक पांढरी मशिनं, प्रत्येकाच्या पोटावर एक गोल काच. एकडोळ्यांची पंगत बसल्यासारखी. मी विक्रेत्याला म्हटलं, मला वरून उघडणारं हवं. त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि आम्हाला अगदी कोपऱ्यात नेलं. तिथे एक उंच, सडसडीत यंत्र उभं होतं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं. रुंदी फक्त ४० सेंटिमीटर. बाकीची सगळी ६० ची. याला इथे 'टोपलाडर' म्हणतात. टोप हा शब्द ऐकून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

मी झाकण उघडलं. आपल्या घरच्यासारखी आत विहीर दिसेल म्हणून डोकावले, तर आत आणखी एक बंद दार! वाड्याचा महादरवाजा उघडावा आणि आत माजघराला कुलूप असावं तसं. विक्रेत्याने एक कळ दाबली तेव्हा ते आतलं झाकण दोन पाकळ्यांनी फटकन उघडलं. आत पिंप आडवंच होतं. म्हणजे हे पुढून उघडणाऱ्याचंच भावंड, फक्त तोंड वर केलेलं. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. तुमचे जावई मात्र इतके खूष झाले की त्यांनी तक्त्यात तिथल्या तिथे अठरावा रकाना उघडला.

तरी घरी येऊन दोन दिवस वाद झाला. गोल काचेवाल्यात आठ-नऊ किलो कपडे मावतात, याच्यात सहा. गोल काचेवाल्यात कपडे फिरताना दिसतात, आणि आमच्या छोट्या चिमीचं मत त्यालाच होतं, कारण त्याच्यासमोर बसून जेवता येईल असं तिला वाटलं. पण आमच्या न्हाणीघरात टब आणि भिंत यांच्यामध्ये जागा ४४ सेंटिमीटर. ६० चं मशीन तिथे काही मावत नाही. मोठं घ्यायचं तर ते तळघरात ठेवायचं. तिथे प्रत्येक भाडेकरूला एक नळ आणि एक कोपरा असतो. आमच्या दारापासून तळघरापर्यंत ५८ पायऱ्या, मी मोजल्या. शिवाय गोल काचेपुढे बसकण मारून कपडे काढावे लागतात. आई, तू मे महिन्यात येणार, आणि डॉक्टरांनी तुला खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय. बादली घेऊन ५८ पायऱ्या उतरून तू जर्मन तळघरात उकिडवी बसली आहेस, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर मी तक्ता बंद केला. जावई म्हणाले, "गुडघ्यांचा रकाना राहिलाच की!"

मशीन आलं, दोन माणसांनी उचलून वर आणलं. तू सांगितल्याप्रमाणे हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. स्वस्तिक तेवढं काढलं नाही. इथे त्या आकाराची आठवण निराळी आहे, आणि दारात शेजारी उभे असताना आपण 'आमचं निराळं' म्हणून व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. नुसतं 'श्री' लिहिलं. नारळ फोडायची जावयांची फार इच्छा होती, पण फरशी घरमालकाची.

पहिलं धुणं लावलं. कपडे भिजेपर्यंत मशीन एखाद्या सुनेसारखं शांत होतं. मग पिळायची वेळ आली आणि त्याच्या अंगात आलं. आधी थरथरलं, मग दणदणलं, मग अक्षरशः चालू लागलं. टबापासून निघून दारापर्यंत आलं, वरची साबणाची बाटली घेऊन. चिमी "बाप्पा मोरया" म्हणून ओरडली. जावई त्याला मिठी मारून उभे राहिले आणि तेही हलू लागले. मी प्लग उपटला तेवढ्यात दारावर थाप पडली.

खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. आता भांडण होणार म्हणून मी हात जोडूनच दार उघडलं. आजींनी एक शब्द न बोलता आत येऊन मशीनच्या पाठीमागे डोकावून पाहिलं आणि आपल्या घरी परत गेल्या. परत आल्या त्या हातात पाना घेऊन! "ट्रान्सपोर्टझिशरुंग," त्या म्हणाल्या, आणि मला तो शब्द आता झोपेतही म्हणता येतो. प्रवासात पिंप हिंदकळून मोडू नये म्हणून कारखाना ते बोल्टने जखडून पाठवतो. ते बोल्ट काढायचे आणि मगच मशीन लावायचं. पिंप मोकळं असेल तर आतले धक्के स्प्रिंगा खातात, जखडलेलं असेल तर सगळं मशीन नाचतं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लाल अक्षरात लिहिलं होतं. बावीस भाषांत. ब्रेकवाल्या इंजिनिअरांनी थेट कार्यक्रमांच्या पानापासून वाचायला घेतलं होतं. बाबा, तुम्ही हसू नका, तुम्हीही नव्या पंख्याची पुस्तिका अजून प्लॅस्टिकमधून काढलेली नाही.

आजींनी चारही बोल्ट काढले, आमचा चहा प्यायल्या आणि खुलल्या. त्यांच्या लहानपणी, १९५१ साली, गोल काचेचं आपोआप धुणारं पहिलं जर्मन मशीन हानोफरच्या प्रदर्शनात आलं. ते असं नाचायचं की जमिनीत बोल्टने ठोकूनच बसवावं लागे. "तुमचं निदान चालतं तरी," म्हणाल्या. आजी मूळच्या रेगेन्सबुर्गच्या आहेत. तिथल्या शेफर नावाच्या धर्मगुरूने १७६० च्या दशकात धुण्याच्या यंत्रावर पुस्तक लिहिलं होतं, हे त्यांनी माहेरच्या माणसाचं सांगावं तशा कौतुकाने सांगितलं. हे गृहस्थ कीटक आणि अळंब्या गोळा करत, आणि गांधीलमाशीच्या पोळ्यापासून कागद करून बघत. म्हणजे पेशवाईत माधवराव गादीवर असताना इकडे एक पाद्री धुण्याच्या चिंतेत होता. आई, त्याच्या बायकोचा यात हात असणार असं मला वाटतं, पण आजींना विचारायचं धाडस झालं नाही.

आता मशीन शहाण्यासारखं वागतं. त्याच्या खोडी सांगते. सगळ्यात काटकसरीचा जो कार्यक्रम आहे तो तीन तास अठरा मिनिटं चालतो. हो, आई, अंघोळीच्या दोन टॉवेलांना आणि चिमीच्या फ्रॉकांना तीन तास! तेवढ्यात सांगलीहून निघालेली एसटी सातारा ओलांडते. मी घाबरून आजींना विचारलं, तर कळलं की मशीन थंड पाणी घेऊन स्वतः तापवतं आणि खरी वीज तापवण्यातच जाते. म्हणून कमी तापवायचं आणि जास्त वेळ घोळवायचं. इथे विजेचं एक युनिट तीस रुपयांच्या वर पडतं, त्यामुळे ही धीराची धुलाई पटते. उलट टोकाला ९० अंशांचाही कार्यक्रम आहे. ती तर थेट परटाची भट्टी. त्याला मी अजून हात लावलेला नाही, जावयांची सुती बनियन चिमीला यायला नको.

साबण तर मोजूनच. पाकिटावर पाणी मऊ, मध्यम की जड असा तक्ता असतो. इथलं पाणी बरंचसं शंभरएक किलोमीटरवरच्या बोडेन सरोवरातून येतं, ते मध्यम. आई, तुझी ती मूठ इथे चालणार नाही. फेस जास्त झाला की कपडे फेसाच्या गादीवर अलगद पडतात, आपटतच नाहीत, आणि मळ जिथल्या तिथे. कोंडलेल्या परटाला गादी घातल्यासारखं.

आणि तुझा तो लाडका प्रकार, मशीन अर्ध्यावर आलं की झाकण उघडून "हा एक मोजा राहिला बाई" म्हणत टाकायचा, तो इथे अवघड आहे. थांबवायचं बटण दाबायचं, कुलूप सुटेपर्यंत वाट बघायची, मग आतलं झाकण नेमकं वर येईपर्यंत पिंप हाताने फिरवायचं. तोवर मोजा हातानेच धुऊन होतो. ते आतलं झाकण खट्ट आवाज येईपर्यंत लावायचं, ही सूचना मी जावयांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर चिकटवली आहे. बासमतीचं झालं ते पुरे.

१९६८ पासून मुंबई आणि श्टुटगार्ट या भगिनी आहेत म्हणे. एकीच्या अंगणात महालक्ष्मीचा धोबीघाट, दुसरीकडे रविवारी मोजाही धुवायचा नाही. सख्ख्या बहिणींचं तरी धुण्याबाबत कुठे पटतं? तुझं आणि नलूमावशीचं निळीवरून अजून चालू आहेच.

बाबा, तुमचा प्रश्न. माझं ऐकाल तर तिकडे साधं वरून उघडणारंच घ्या. आपल्या टाकीतून पाणी करंगळीएवढं येतं, पुढून उघडणारं त्या धारेवर रुसून बसेल. आईचे गुडघे आहेतच. आणि जुन्याचा गुण विसरू नका. २०१९ च्या पुरात तुम्ही टीव्ही माळ्यावर चढवलात, आणि मशीन दोन दिवस कृष्णेच्या पाण्यात उभं राहिलं. वायरमनने मोटर वाळवली आणि ते पुन्हा सुरू झालं. फक्त पहिल्या धुण्यात तुमच्या सदऱ्याच्या खिशातून छोटा मासा निघाला, असं आई सांगते. मी त्यावर विश्वास ठेवला आहे.

चिमी मजेत आहे. तुमची आठवण काढते. येताना मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला आणा. धोपटणं आणू नका.

तुमची,
बेबी

ता. क. ते चार बोल्ट पुढच्या घरबदलीला लागतात म्हणून जपून ठेवायला आजींनी बजावलं होतं. भेटल्या की विचारतात. तीन सापडले. त्यातला एक चिमीच्या भातुकलीत मुसळ म्हणून वापरात होता. चौथा नाही. बाबा, तुमच्या डालड्याच्या डब्यात तसला एखादा आहे का बघाल? इथल्या तिघांपैकी एकाचा फोटो पाठवते, शेजारी मापाला पाच रुपयांचं नाणं ठेवून.