आता मार बरं सेल

डिसेंबरात आमच्या कडा गावात कोंबड्याच्या आधी माझी गाडी आरवते. घर्र... घर्र... घर्र. तिसऱ्या घर्रला समोरच्या दाराची कडी वाजते, चौथ्याला मफलर दिसतो आणि पाचवा घर्र मला मारताच येत नाही, कारण मफलरमधले नाना बोनेटवर थाप मारून म्हणतात, "थांब. सेल मारू नको. उघड."

नानांकडे गाडी नाही. कधीच नव्हती. एक सायकल होती, ती भाच्यानं नेली. पण बोनेट उघडलं की मालकाचा हक्क संपतो आणि नानांचा सुरू होतो. मी तिथं मुलीच्या बापासारखा, खर्चाला तेवढा हजर.

विद्या त्यांनी वडापच्या जिपात कमावली. नगर-आष्टी रस्त्यावर काळी-पिवळीच्या पुढच्या सीटवर, गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, ड्रायव्हरच्या बरगडीला बरगडी लावून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. जीप बंद पडली की मागचे उतरून तंबाखू मळायचे, नाना पुढं जाऊन ऐकायचे. तेव्हापासून "एअर धरली", "डिझेल मागं गेलं", "नोझल टपकतंय" हे शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखे फिरत असतात.

मात्र कुठला शब्द कधी बाहेर पडेल, ते गाडीवर ठरत नाही. माझा तीन हिवाळ्यांचा अभ्यास आहे. नानांना रात्री वांग्याची भाजी बाधली असेल तर सकाळी माझ्या पाइपानं हमखास एअर धरलेली असते. गुडघा दुखत असला तर कॉम्प्रेशन गेलेलं असतं, "आणि या वयात ते परत येत नसतं." घरात सुनेशी वाजलं असेल तर, "अर्थिंग नीट नाही रे. बाकी सगळं चांगलंय, पण अर्थिंगच नाही!" हे म्हणताना त्यांची नजर माझ्या बॅटरीकडे नसते, स्वतःच्या स्वयंपाकघराकडे असते.

एकदा म्हणाले, "डिझेल गोठलंय." मी म्हटलं, नाना, कड्यात कितीही गारठा पडला तरी डिझेल गोठायला लेह-लडाख लागतं. तिकडं ड्रायव्हर टाकीखाली शेकोटी करतात.

"मग कर की."

तरी माणूस अगदीच पोकळ नाही. डिझेलचं इंजिन त्यांनी मला एका वाक्यात शिकवलं. "पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, डिझेलच्या गाडीला राग." म्हणजे हवा दाबायची, दाबली की ती तापते, त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. गारठ्यात लोखंडच इतकं गार असतं की हवेचा राग तिथंच विरून जातो. म्हणून आत बोटाएवढे हिटर असतात. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर पिवळी वेटोळी दिसते, ती जाईपर्यंत दम धरायचा. पण दम धरायला शिकवणारे नाना त्या वेटोळीच्या वेळातच दोनदा म्हणतात, "आता मार. मार बरं सेल."

आणि मी घाई केली तर? "१९९५ साली नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली. आष्टीपर्यंत पहिली गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. नगरपासून सहासष्ट किलोमीटर! तीही डिझेलचीच. सत्तावीस वर्षं सेल मारत होते, कुणी शिव्या दिल्या का?" दिल्या होत्या. त्यात नानांच्या सर्वांत मोठ्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात गाडीनं पारच मान टाकली, आणि त्या दिवशी नानांनी खरोखर डोकं लावलं. मला सेल मारायला सांगून ते सायलेन्सरमागं उकिडवे बसले. "सेल जोरात फिरतोय, म्हंजे बॅटरी जिवंत. धूर पांढरा येतोय, म्हंजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसता तर गोष्ट वेगळी." दोन वाक्यांत निम्मे संशयित सुटले. राहिले हिटर नाहीतर कॉम्प्रेशन. मला भरूनच आलं.

मग त्यांनी वायर आणि बल्ब आणला. वायरीचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बातून हिटरच्या डोक्यावर. हिटर शाबूत असेल तर बल्ब लागतो. पहिल्यावर टेकवलं, लागला. दुसऱ्यावर, लागला. तिसऱ्यावर, चौथ्यावर, लागला. "चारी ओके," नाना उभे राहिले आणि गुडघ्याला हात लावला. मी समजलो. "कॉम्प्रेशन. इंजिन खोलावं लागतंय."

धक्का मारायचं ठरलं. आठ जण जमले. आठांपैकी एक ढकलत होता, तीन जण बंपरवर हात टेकून आपलं वजन गाडीवर सोडत होते, दोघं दिशा सांगत होते, एक फोनवर होता आणि नाना "हय्या" म्हणत होते. दुसऱ्या गिअरात क्लच सोडला, गाडीनं दोन आचके दिले, धुरानं सगळ्यांना एका रंगाचं केलं आणि चालू झाली. ढकलणारा तिथंच खाली बसला. बाकीच्यांनी चहा घेतला.

गाडी तशीच गॅरेजात नेली. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, बोलला काही नाही. चारही हिटरच्या डोक्यांवरून एक पत्र्याची पट्टी जाते, करंट तिच्यातून सगळ्यांना मिळतो. त्यानं आधी नट काढून ती पट्टी सोडवली, मग तोच बल्ब, तीच वायर. पहिला हिटर, अंधार. दुसरा, अंधार. तिसरा लागला. चौथा, अंधार. "पट्टी ठेवून बघितलं का? तसं एक चांगला असला की चारी चांगले दिसतात." मला सकाळचा धक्का आठवला.

तीन हिटर बदलले. दुसऱ्या दिवशी वेटोळी जाऊ दिली, चावी फिरवली, अर्ध्या घर्रमध्ये इंजिन लागलं. समोरची कडी वाजलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर गल्लीत असा शुकशुकाट की मलाच चुकल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी मात्र नाना बाहेर आले. मफलर सोडून, कान उघडे ठेवून. बोनेटवर तळहात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं जशी डॉक्टर नातेवाइकांकडं बघतात.

"लगेच लागती का रोज?"

"हो नाना. अर्ध्या सेलला."

"गारठ्यात?"

"गारठ्यात."

"हं," नाना म्हणाले. "एकदा दाखवून घे कुणाला तरी."